स्प्लिट एसीतली बुरशी: सर्व्हिस करूनही वास परत का येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बेडरूम साधारण १२० चौरस फुटांची, त्यात दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी. एप्रिलमध्ये जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुलाई) झाली. जुलै लागला तसा एसी सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं कुबट वास येतो, फ्लॅपवर (हवा बाहेर येते तिथल्या पट्टीवर) काळे ठिपके दिसतात आणि आत टॉर्च मारला तर ब्लोअरही (हवा फेकणारा पंखा) काळा. घरात दम्याची मुलगी आहे. पुन्हा जेट सर्व्हिस करावी, बाजारातला फोमचा कॅन मारावा, की मशीनच बदलावं? शिवाय न्यू जर्सीला भावाच्या घरी तळघरातल्या फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळांमधून, असाच वास येतो, त्याचं काय?

मशीन बदलायची गरज नाही. नवं मशीन त्याच भिंतीवर, त्याच सवयींनी चालवलं तर दुसऱ्या पावसाळ्यात तेच होईल. फोमचा कॅनही बाजूला ठेवा. जेट सर्व्हिसने धुतली जाते ती कॉइलची (आतल्या थंड होणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीची) पुढची बाजू. बुरशी बसलेली असते कॉइलच्या मागे, ब्लोअरच्या पात्यांच्या खोबणीत आणि कॉइलखाली पाणी जमतं त्या ट्रेच्या कोपऱ्यांत. हवा फिल्टरमधून कॉइलवर येते, कॉइलमधून पार होऊन ब्लोअरवर जाते आणि फ्लॅपमधून खोलीत येते. म्हणजे कोरडी धूळ पुढे अडकते, आणि तिच्यातून सुटलेली बारीक धूळ मागच्या ओल्या भागात जाऊन चिकटते. समोरून पाण्याचा फवारा मारला की पुढची धूळसुद्धा फिन्समधून (कॉइलच्या पातळ पत्र्यांमधून) मागे ढकलली जाते. काही खाली ट्रेत जाते, काही ब्लोअरवर बसते. म्हणून अशा सर्व्हिसनंतर आठवड्याभरात एसी खोलीत पाणी गाळतो, ही तक्रार इतकी नेहमीची आहे.

आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी धरते) २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. कॉइलचा पृष्ठभाग असतो ८ ते १२ अंशांवर. त्यामुळे पाणी धो-धो साठतं. दीड टनी मशीन दमट दिवशी तासाला दीड-दोन लिटर पाणी काढतं. चालू असताना ते ट्रेतून वाहून जातं, आणि थंडीमुळे बुरशीची वाढही मंद असते. गडबड होते ती एसी बंद केल्यावर. फिन्समध्ये अडकलेलं पाणी तिथेच राहतं, आतलं तापमान तासाभरात २८ अंशांवर येतं, अंधार असतो, वारा नसतो आणि खायला धूळ असते. घरातल्या धुळीत त्वचेचे कण असतात, कपड्यांचे तंतू असतात, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या तेलाचा अंशही असतो. बुरशीला एवढं पुरतं. बीजाणू तर हवेत बाराही महिने असतातच, त्यामुळे ‘निर्जंतुक’ करून प्रश्न सुटत नाही. ओल आणि खाद्य, दोन्ही तोडावी लागतात.

वास बुरशीचाच आहे ना, हे आधी पाहा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं कुबट वास येऊन नंतर कमी होत असेल तर तो कॉइल-ब्लोअरवरच्या बुरशीचा आणि जिवाणूंच्या थराचा. सतत गटारासारखा वास येत असेल तर ड्रेन पाइप थेट बाथरूमच्या मोरीत किंवा पावसाच्या पाण्याच्या पाइपात घुसवलेला असतो आणि मधे वास अडवणारा पाण्याचा ट्रॅप (पाणी साठून राहणारा बाक) नसतो. तिथे एसी कितीही धुवा, उपयोग शून्य. आणि एके दिवशी अचानक असह्य दुर्गंधी सुरू झाली तर ब्लोअरमध्ये पाल मेलेली निघते, हेही लक्षात असू द्या. काळे ठिपके बुरशीचे की नुसत्या धुळीचे हे ठरवायला कापसाच्या बोळ्यावर पातळ केलेलं ब्लीच घेऊन फ्लॅपवरच्या एका ठिपक्याला लावा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर धूळ. ही चाचणी प्लास्टिकच्या फ्लॅपवरच करायची, कॉइलवर नाही.

साफसफाई स्वतः करायची की मेकॅनिककडून, हे ब्लोअरवर अवलंबून आहे. फिल्टर, फ्लॅप, पुढचं कव्हर आणि ट्रेचा दिसणारा भाग घरी होतो. ब्लोअर बाहेर काढणं हाताला सवय असलेल्या माणसाचं काम आहे. मुलीला दमा आहे, तेव्हा काम कोणीही करो, ती त्या दिवशी दुसऱ्या खोलीतही नको, शक्य असेल तर घराबाहेरच असू दे. काम संपल्यावर दोन-तीन तास खिडक्या उघड्या ठेवून मगच तिला खोलीत येऊ द्या. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत.

एमसीबी बंद करा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही, पीसीबीला (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला) वीज चालूच असते. मोबाइलवर आतल्या वायरिंगचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. फिल्टर काढून नळाच्या धारेखाली उलट्या बाजूने धुवा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर जाईल. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवा. ओला फिल्टर परत लावणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढचं कव्हर सहसा फ्लॅपखालच्या छोट्या टोप्यांमागच्या दोन-तीन स्क्रूंनी आणि वरच्या कड्यांनी धरलेलं असतं. आधी खालून सोडवून मग वर उचलायचं. जोर लावला की कड्या तुटतात आणि पुढे आयुष्यभर कव्हर खडखडतं.

उजवीकडे पीसीबी आणि ब्लोअरची मोटर असते. ती बाजू जाड प्लास्टिकने झाकून टेप लावा. खाली एसी धुताना पाणी झेलणारी प्लास्टिकची पिशवी टांगून तिची नळी बादलीत सोडा. कॉइलवर आधी मऊ ब्रशने, फिन्सच्या उभ्या दिशेनेच, कोरडी धूळ खाली ओढा. व्हॅक्यूम असेल तर उत्तम. हे आधी केलं नाही तर धुळीचा चिखल होऊन मागे जातो. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर भांडी घासायचं लिक्विड टाकून फवारा, दहा मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने वरून खाली धुवा. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा ॲल्युमिनियमला चांगला नाही. इनडोअरला (खोलीतल्या युनिटला) सहा-आठ लिटर पाणी लागतं. बादलीत येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहा. फवाऱ्याचा पंप साधा हवा. गाडी धुण्याचा १०० बारचा प्रेशर वॉशर फिन्स क्षणात मुडपतो, आणि मुडपलेल्या फिन्समध्ये पाणी जास्त अडकतं. धार नेहमी समोरून सरळ मारायची, तिरकी नाही.

आता ब्लोअर. फ्लॅपमागे लांब नळकांडं दिसतं ते हेच. त्याच्या प्रत्येक पात्याला आतून खोबण असते, आणि वर्षा-दोन वर्षांत ती राखाडी-काळ्या लगद्याने भरते. पाती भरली की हवा कमी फेकली जाते. मग लोक तापमान १८ वर नेतात, कॉइल अजून गार होते, कधी बर्फ धरते आणि फ्लॅपमधून थेंब उडू लागतात. गॅस कमी झाला असं समजून गॅसही भरून घेतात. बरेचदा गॅसची काही तक्रार नसते, ब्लोअर चोंदलेला असतो.

ब्लोअर काढण्याची पद्धत मॉडेलनुसार बदलते, पण बहुतेक मशीनमध्ये तो उजवीकडे मोटरच्या शाफ्टवर एका स्क्रूने आणि डावीकडे रबरी बुशमध्ये बसलेला असतो. मोटरकडच्या टोकाला पात्यांमध्ये एक मोठी फट ठेवलेली असते. ब्लोअर हाताने फिरवून ती फट समोर आणली की स्क्रू दिसतो. तो पूर्ण काढायचा नाही, सैल करायचा, नाहीतर आत पडून गायब होतो. कॉइलचं डावं टोक मोकळं करून बोटभर उचललं की ब्लोअर डावीकडे सरकून बाहेर येतो. हे उचलणं जपून, कारण कॉइलच्या उजव्या टोकाला तांब्याचे पाइप जोडलेले असतात. जास्त ताणलं की सांधा तडकतो आणि दोन महिन्यांनी गॅस गळती सुरू होते. त्या वेळी सर्व्हिसचा आणि गळतीचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

बाहेर आलेला ब्लोअर टबात कोमट साबणपाण्यात २०-३० मिनिटं बुडवून ठेवा, मग बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने प्रत्येक पातं आतून घासा. पात्यावर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका. ती तोल साधण्यासाठी असते, काढली तर ब्लोअर गुरगुरतो. रबरी बुश कोरडा पडला असेल, चिरला असेल तर याच वेळी बदलून घ्या. परत बसवताना ब्लोअर दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकला घासत नाही ना, हे हाताने फिरवून पाहायचं आणि मगच स्क्रू आवळायचा. मेकॅनिक ब्लोअर काढायला तयारच नसेल तर जागेवर धुता येतो: पिशवी लावून, फवारा मारत, एकेक पातं पुढे आणत ब्रशने घासायचं. तासभर जातो, आणि तरी मागचा भाग पूर्ण निघत नाही.

ट्रेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पुढचा ट्रे दिसतो, पण कॉइलच्या मागच्या उतारालाही एक अरुंद ट्रे असतो आणि त्यात जेलीसारखा बुळबुळीत थर साठतो. ब्लोअर काढला असेल तरच तिथे हात पोचतो, हेही ब्लोअर काढण्याचं एक कारण. थर पुसून काढा, नुसता पाण्याने ढकलू नका. तो पाइपात जाऊन बसतो. मग ट्रेत हळूहळू एक लिटर पाणी ओता. ते गडगड न करता, न तुंबता बाहेर पडायला हवं. तुंबलं तर बाहेरच्या टोकाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावून खेचा. बाहेरून फुंकर मारली तर घाण परत ट्रेत येते. पाइपाला सगळीकडे उतार हवा, मीटरला निदान एक सेंटिमीटर. मधे पोट आलेलं असलं तर तिथे पाणी कायम उभं राहतं. पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलंही नको.

औषध मारायचं ते धुऊन झाल्यावर. घाणीवर मारलेलं औषध वरच्या थरातच संपतं. मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी मिसळून ३ टक्क्यांचं करा, ब्लोअर, ट्रे आणि हवा बाहेर पडते त्या भागावर फवारा, दहा मिनिटांनी पाण्याने धुवा. कॉइलवर हलका हात आणि लगेच पाणी.

काय वापरायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. ब्लीच कॉइलला लावू नये, ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्ही खातं. सुट्या काढलेल्या फ्लॅपला एकास दहा पाण्यात चालेल, पण ते ॲसिडच्या किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर कधीच नाही, विषारी वायू सुटतो. व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि घरगुती म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण ॲसेटिक आणि फॉर्मिक ॲसिडच्या वाफांनी ओलाव्यात तांब्याच्या नळीला मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडतात, हा एसी कॉइल गळण्याचा ओळखीचा प्रकार आहे. तेव्हा व्हिनेगर नकोच. स्पिरिट आतमध्ये फवारू नये, ते पेट घेतं, आणि नव्या मशीनमधला आर-३२ गॅसही थोडा ज्वलनशील असतो. सुगंधी स्प्रे आणि कापराच्या वड्यांनी फक्त वास झाकला जातो. फोमच्या कॅनवर ‘धुवायची गरज नाही’ लिहिलेलं असतं; तो कॉइलच्या पुढच्या भागातच राहतो, ब्लोअरला लागतच नाही, आणि मागे उरलेला चिकट थर धूळ धरून ठेवतो. खोलीत ओझोन सोडण्याची यंत्रं तर दम्याच्या रुग्णाच्या घरात आणूच नका.

फ्लॅपच्या आतल्या बाजूला काही मॉडेलमध्ये मखमलीसारखं अस्तर असतं, ट्रेमागे थर्माकोल असतो. बुरशी त्यात शिरली की धुऊन निघत नाही, तो सुटा भाग बदलावा लागतो. मशीनपेक्षा ते फार स्वस्त पडतं.

जोडताना सर्वाधिक चूक होते ती कॉइलच्या सेन्सरची. बोटाच्या पेरापेक्षा लहान तांब्याची किंवा स्टीलची नळी, कॉइलवरच्या खोळीत बसवलेली. ती बाहेर लटकत राहिली तर मशीनला कॉइलचं खरं तापमान कळत नाही. मग बर्फ धरतो, नाहीतर डिस्प्लेवर एरर येतो आणि पीसीबी गेला असं निदान होऊन हजारोंचं बिल होतं. फोटो काढायला सांगितलं ते यासाठी. सगळं जोडल्यावर दोन-तीन तास तसंच सुकू द्या, मग तासभर फक्त फॅन मोडवर चालवा आणि त्यानंतरच कूलिंग लावा.

मेकॅनिकला फोन करताना ‘डीप क्लीनिंग करता का’ असं विचारू नका, हो म्हणतील. विचारा, ‘ब्लोअर बाहेर काढून धुणार का, आणि कॉइलला कोणतं केमिकल लावणार?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘ॲसिड’ हे उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

वास परत येऊ नये म्हणून तुमच्या घरात तीन-चार गोष्टी बदलाव्या लागतील. पहिली, बंद करण्याची पद्धत. सकाळी उठल्यावर एसी थेट बंद न करता ३०-४० मिनिटं फॅन मोडवर ठेवा. मशीनमध्ये ऑटो क्लीन असेल तर ते चालू करून ठेवा, बहुतेक मॉडेलमध्ये ते बंद केल्यावर आपोआप पंखा फिरवतं. हॉट अँड कोल्ड मशीन असेल तर शेवटी १५-२० मिनिटं हीटिंग लावलं तर सर्वांत लवकर सुकतं. ड्राय मोडबद्दल मात्र गैरसमज नको. ड्राय मोडने खोली कोरडी होते आणि कॉइल ओली होते. त्यानंतरही फॅन मोड लागतोच. फॅन मोडने सुकलेलं पाणी खोलीच्या हवेत येतं हे खरं, म्हणून ते खोलीत कोणी नसताना, पाऊस थांबला असेल तर खिडकी उघडून करावं.

दुसरी गोष्ट दीड टनाची. १२० चौरस फुटांना, वर गच्ची नसताना, एक टन पुरतो. मोठं मशीन खोली पटकन गार करतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र ओल्या कॉइलवरून फिरत राहून काढलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडतो. खोली गार पण चिकट वाटते ती यामुळे. तुमच्या मशीनला क्षमता ४०-६० टक्क्यांवर आणायची सोय असेल तर पावसाळ्यात ती वापरा आणि पंखा मंद ठेवा. तापमान २४ ते २६. बीईईने (ऊर्जा बचतीची सरकारी संस्था) १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींना सुरू होताना २४ अंशांचं सेटिंग बंधनकारक केलं ते विजेसाठी, पण ओलीसाठीही ते बरं आहे. १८ वर चालवलं की शेजारच्या खोलीच्या बाजूने भिंत घामेजते आणि बुरशी भिंतीलाच लागते. चार-पाचशे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक पलंगाजवळ ठेवा. आकडा ६० टक्क्यांखाली राहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट बहुधा कोणी तपासलेली नसेल: इनडोअरमागे पाइप जातात ते भिंतीतलं भोक. बसवणारे ते पुष्कळदा उघडंच सोडतात. त्यातून बाहेरची दमट हवा थेट मशीनच्या पाठीशी येते आणि थंड ट्रेवर पाणी धरते. बाहेरून आणि आतून पुट्टीने बंद करा, आणि पाइपावरचं काळं फोमचं इन्सुलेशन फाटलं असेल तर नवं चढवा. भिंतीला बाहेरून पावसाची ओल येत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग एसी.

फिल्टर पंधरा दिवसांनी, ब्लोअरसकट धुलाई वर्षातून एकदा. सगळे मार्च-एप्रिलमध्ये करतात. किनारपट्टीला ती पावसाळा संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात केलेली जास्त कामाची, कारण बुरशी तेव्हा सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर हवा कोरडी होत जाते.

न्यू जर्सीच्या घराचं गणित वेगळं आहे. थंडीत फर्नेस पहिल्यांदा पेटवल्यावर जळकट वास आला तर ती साठलेली धूळ असते, थोड्या वेळात जाते. कुबट वास असेल तर फर्नेसवर बसवलेली एसीची कॉइल, तिच्याखालचा पॅन आणि ब्लोअर उघडून पाहायला सांगा. बुरशी दिसली तर साफ होईपर्यंत यंत्रणा चालवायची नाही, नाहीतर बीजाणू सगळ्या खोल्यांत जातात. नुसते डक्ट धुवून काही होत नाही. अमेरिकेच्या ईपीएचंही (पर्यावरण संरक्षण संस्थेचंही) म्हणणं आहे की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, मात्र आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल तर साफ करावेत. पत्र्याचा डक्ट साफ होतो. आतून फायबरग्लासचं अस्तर असलेला डक्ट ओला होऊन बुरशी धरली तर तो भाग बदलावाच लागतो. ‘९९ डॉलरमध्ये सगळं घर’ अशा जाहिरातींना फोन करू नये. नाड्काचा (डक्ट साफ करणाऱ्यांच्या संघटनेचा) सदस्य असलेला कंत्राटदार घ्यावा आणि कॉइल, पॅन व ब्लोअर कामात धरलेत हे लेखी घ्यावं. तळघरात डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवावी. आणि फर्नेसला ह्युमिडिफायर (हवेला ओल देणारं यंत्र) जोडलेला असेल तर त्याचा पॅड आधी काढून बघा. तो दर हिवाळ्यात बदलायचा असतो, आणि कित्येक घरांत घर घेतल्यापासून बदललेला नसतो. तो हिरवट-काळा निघाला तर वास बहुधा तिथूनच येतोय. नवा पॅड टाका, हिवाळ्यात आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा आणि उन्हाळ्यात ह्युमिडिफायरचं पाणी व डॅम्पर (त्याच्या हवेच्या वाटेवरची झडप) दोन्ही बंद करा.